पिकअप उंच करायची, पण नेमके काय उंच?

खंडाळा तालुक्यातल्या पिकअपला एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या रस्त्यांशी जमवून घ्यावे लागते. (हा खंडाळा साताऱ्याचा, शिरवळ-लोणंदचा, बोरघाटातल्या थंड हवेच्या खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही.) सकाळी ती नीरेच्या बाजूच्या काळ्या रानात कांद्याच्या गोण्या भरायला जाते. तिथला पाणंद रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडून ठेवलेला असतो आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. दुपारनंतर तीच गाडी भरल्या हौद्यानिशी राष्ट्रीय महामार्ग ४८ वर येते आणि खंबाटकी घाटाची वळणे घेते. गाडी उंच करून घेण्याची इच्छा पहिल्या रस्त्यावर जन्माला येते. तिची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या रस्त्यावर चुकवावी लागते. पुण्याच्या आसपासच्या गॅरेजांत आता ‘बॉडी लिफ्ट’ आणि ‘सस्पेन्शन लिफ्ट’ हे दोन्ही शब्द सर्रास वापरले जातात आणि यातली कोणती करावी, हा प्रश्न शेतमाल वाहणारेही विचारू लागले आहेत. माझ्या मते या प्रश्नाची मांडणीच अर्धवट आहे. कोणती लिफ्ट हे ठरवण्याआधी गाडीचा कोणता भाग जमिनीला लागतो, हे पाहायला हवे.

पिकअप ही चासीवर बांधलेली गाडी. बोलेरो, इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स या सगळ्यांच्या तळाशी शिडीसारखी लोखंडी चासी असते आणि केबिन व हौदा तिच्यावर स्वतंत्रपणे बसवलेले असतात. जमिनीपासून केबिनच्या तळापर्यंतची उंची त्यामुळे तीन अंतरांची मिळून होते. पहिले अंतर जमिनीपासून अॅक्सलपर्यंतचे, ते टायर ठरवतो. दुसरे अॅक्सलपासून चासीपर्यंतचे, ते पाटे किंवा स्प्रिंग ठरवतात. तिसरे चासीपासून बॉडीपर्यंतचे, ते मधले रबरी माउंट ठरवतात. बॉडी लिफ्ट तिसरे अंतर वाढवते, सस्पेन्शन लिफ्ट दुसरे. पहिल्या अंतराला या दोन्ही लिफ्ट हात लावत नाहीत. एवढे लक्षात ठेवले तरी लिफ्टच्या जाहिरातींमधला निम्मा गोंधळ निवळतो.

बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्या मधल्या प्रत्येक माउंटखाली एक ते तीन इंचांचा ठोकळा सरकवतात आणि जुन्या बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालतात. इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, अॅक्सल, पाटे आणि चासी होती तिथेच राहतात. वर जाते ती केबिन, आणि तिच्या बरोबरीने उचलला तर हौदा. यातून खरा फायदा एकच होतो: मडगार्डच्या पोकळीत मोठ्या टायरला जागा मिळते. गाडी लांबून भारदस्त दिसते हे खरे, पण चाकोरीतला उंचवटा जिथे लागत होता तिथेच लागतो. फेटा बांधलेला माणूस उंच दिसतो, ओढा ओलांडताना त्याचे गुडघे मात्र पूर्वीइतकेच भिजतात, तसेच हे. शिवाय केबिन आणि चासी यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट आता ताणली जाते. स्टीअरिंगचा दांडा, गिअरची काठी, हँडब्रेकची केबल, डिझेल भरायची नळी, ब्रेकचे पाइप, अर्थिंगची पट्टी हे सगळे तपासावे लागते. रेडिएटर बॉडीला बसवलेला असेल तर तो वर जातो आणि पंखा इंजिनाबरोबर खालीच राहतो. मग पंख्याभोवतीचे कवच एक तर घासते, नाही तर हवा नीट ओढत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये भार ओढताना इंजिन तापू लागले की याचा पत्ता लागतो. लांब बोल्टाची गोष्ट आणखी गंभीर आहे. धक्का बसला की केबिन पुढे सरकू पाहते; ठोकळा जितका उंच, तितका त्या बोल्टावरचा वाकवणारा जोर जास्त.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये अॅक्सल आणि चासी यांच्यातले अंतर वाढवतात. मागे पाट्यांच्या संचात एखादा पाटा वाढवतात, जास्त कमानीचे पाटे घालतात, पाट्याच्या टोकाचा शॅकल लांब करतात, किंवा अॅक्सल आणि पाटे यांच्या मध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर स्प्रिंगवर स्पेसर बसवतात किंवा स्प्रिंगच बदलतात. टॉर्शन बार असेल तर तो पिळून चढवतात. यात चासी खरोखरच उचलली जाते, म्हणून लांब गाडीला त्याचा उपयोग आहे. एक साधा हिशेब पाहा. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३००० मिलिमीटर आणि मधल्या भागाची जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटर असेल, तर गाडी पोट न टेकवता साधारण १५ अंशांचा उंचवटा ओलांडते. चासी ५० मिलिमीटर वर गेली की हा कोन जवळपास १९ अंश होतो. धोम-बलकवडीच्या कालव्याचा भराव किंवा रानातला उंच बांध ओलांडताना हे चार अंश कामाला येतात. बॉडी लिफ्टने या कोनात काहीही फरक पडत नाही. ही लिफ्ट चांगल्या भागांनी केली असेल तर चाकाची वरखाली हालचालही वाढते. नुसता ठोकळा घातला तर ती वाढत नाही, कारण पाटे आणि शॉकअॅब्सॉर्बर जुनेच असतात.

एवढे ऐकल्यावर सस्पेन्शन लिफ्टच बरी, असा निष्कर्ष निघेल. तो घाईचा आहे. चाकोरीत सगळ्यात आधी अडकतो तो मागच्या अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा अॅक्सलचाच भाग. तो स्प्रिंगच्या खाली असतो. चासी तीन इंच उचला, सहा इंच उचला, गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरचाच व्यास वाढवावा लागतो, आणि वाढलेल्या व्यासातला निम्माच हिस्सा गोळ्याखाली मिळतो. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास हिशेबाने ७०३ मिलिमीटरच्या आसपास येतो, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. व्यास ३० मिलिमीटरने वाढला, गोळा १५ मिलिमीटर वर गेला. पंधरा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या जाडीएवढे. त्याच्या मोबदल्यात स्पीडोमीटर सुमारे चार टक्के कमी वेग दाखवू लागतो, तेवढ्याच प्रमाणात चढावरचे बळ घटते आणि चाक थांबवायला ब्रेकला तितका जास्त जोर लागतो. म्हणजे दोन्ही लिफ्ट चाकोरीच्या प्रश्नावर स्वतः उत्तर देत नाहीत. त्या फार तर मोठ्या टायरला जागा करून देतात, आणि उत्तर टायर देतो, तेही करंगळीएवढे.

आता दुसऱ्या रस्त्याकडे. बॉडी लिफ्टच्या बाजूने नेहमी एक मुद्दा मांडला जातो: यात इंजिन, अॅक्सल, चासी असे जड भाग खालीच राहतात, म्हणून गाडीचा गुरुत्वमध्य फारसा वर जात नाही आणि ती उलटण्याचा धोका कमी राहतो. रिकाम्या गाडीबद्दल हे अगदी बरोबर आहे. रिकामी पिकअप १७०० किलोची आणि त्यात केबिन व हौदा मिळून ६०० किलो धरू. ५० मिलिमीटरची बॉडी लिफ्ट केली तर वजनाचा ३५ टक्के भाग वर जातो आणि गुरुत्वमध्य सुमारे १८ मिलिमीटरने चढतो. तेवढीच सस्पेन्शन लिफ्ट केली तर चाके-अॅक्सल सोडून सगळेच वर जाते आणि तो आकडा ४० च्या आसपास पोहोचतो. फरक दुपटीहून जास्त आहे. पण हा युक्तिवाद ज्या देशांतून आला तिथे पिकअप बरेचदा रिकामी, हौसेखातर किंवा फार तर तंबू-सायकली घेऊन फिरते. आपली पिकअप रिकामी फिरली तर मालकाचे पोट भरत नाही. हौद्यात १५०० किलो कांदा टाकून तोच हिशेब पुन्हा करा. हौदा वर गेला की मालही वर जातो, कारण तो चासीवर ठेवलेला नाही. ३२०० किलोंपैकी २१०० किलो उचलले जातात आणि बॉडी लिफ्टने गुरुत्वमध्य ३३ मिलिमीटर चढतो. सस्पेन्शन लिफ्टने ४५ च्या जवळपास. दुपटीहून मोठा वाटणारा फायदा भरल्या गाडीत पाव हिश्श्यावर येतो. भारवाहू गाडीसाठी बॉडी लिफ्ट ‘सुरक्षित’ आहे, हा समज म्हणूनच मला मान्य नाही.

या पंचेचाळीस मिलिमीटरने असे काय बिघडते, हा आक्षेप रास्त आहे. चाकांमधली रुंदी १४०० मिलिमीटर आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य ९०० मिलिमीटरवर धरला, तर पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी उलटण्याचा कागदावरचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास येतो. लिफ्टनंतर तो फक्त दोनेक किलोमीटरने घटतो. आकडा किरकोळ आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण हा हिशेब गाडीला दगडासारखी ताठ धरतो. खरी गाडी वळणात बाहेरच्या बाजूला झुकते, गोण्या दबतात, टायरची बाजू मोडते आणि गुरुत्वमध्य वर असतो त्याखेरीज बाहेरही सरकतो. हे झुकणे ठरवणारा दांडा म्हणजे झुकण्याच्या आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. ते मुळातच कमी असल्याने त्यात पडलेली भर टक्केवारीत मोठी ठरते. वळण एकामागोमाग उलट दिशेने आले तर पहिल्या झुकण्यातून सावरणारी गाडी तेवढ्याच वेगाने दुसऱ्या बाजूला फेकली जाते. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याच्या दिशेने बाहेर पडल्यावरचे ‘एस’ वळण नेमके असे आहे, तेही उतारावर. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातल्या विजापूर भागातून शिरवळकडे मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो तिथे उलटला आणि अठरा जणांचा जीव गेला. त्या अपघाताचा लिफ्टशी काही संबंध जोडायचा नाही. उंच भार, उतार आणि उलटसुलट वळण एकत्र आले की कागदावरची शिल्लक किती झपाट्याने संपते, एवढेच त्यातून दिसते. हे वळण टाळण्यासाठी नव्या जुळ्या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले, यावरून त्या जागेचा धोका सरकारनेही ओळखला होता हे उघड आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र बॉडी लिफ्ट उजवी ठरते, आणि ते कबूल करायला हवे. अनेक पिकअपांमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व असतो. तो चासीवर बसवलेला असतो आणि एका सळईने अॅक्सलशी जोडलेला असतो. हौद्यात माल आला की चासी खाली बसते, सळई हलते आणि व्हॉल्व मागच्या चाकांना जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की चासी वर राहते आणि व्हॉल्व दाब रोखून धरतो, म्हणजे हलकी झालेली मागची चाके घसरत नाहीत. आता पाटे चढवून चासी दोन इंच वर नेली की व्हॉल्वची समजूत होते गाडी रिकामीच आहे. भरल्या गाडीचा मागचा ब्रेक अर्धवट लागतो आणि सगळा बोजा पुढच्या ब्रेकवर येतो. घाट उतरताना पुढच्या डिस्क तापण्याला हेही एक कारण होऊ शकते, आणि दोष ब्रेक ऑइलला दिला जातो. सळईची बैठक नव्या उंचीनुसार बदलली तर हे टळते. ते करून मिळाले का, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. सस्पेन्शन लिफ्टने प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकांची बैठक बिघडून टायर एका कडेने झिजतात. टॉर्शन बार पिळून मिळवलेली उंची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी: चाकाला खाली झेपावायला जागाच उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी वरच्या थांब्यावर आदळते.

कायद्याचा मुद्दा लोक शेवटी आणतात. तो आधी यायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘रस्त्यावर एवढ्या लिफ्ट केलेल्या गाड्या दिसतात, त्यांना कोण अडवतो?’ हे नेहमीचे उत्तर. त्या बहुतेक पांढऱ्या पाटीच्या असतात. पिवळ्या पाटीच्या पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला उभे राहावे लागते. त्या दिवसापुरते ठोकळे काढून पुन्हा बसवणारेही आहेत. पण अपघात पासिंगची तारीख पाहून होत नाही, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर चासीखाली वाकून पाहतो. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था ज्या चाचण्या घेऊन गाडीच्या नमुन्याला मान्यता देते त्या कारखान्यातून निघालेल्या उंचीवरच्या असतात. गॅरेजमध्ये वाढवलेल्या उंचीवर ती गाडी कशी थांबते, कशी वळते, हे कोणी तपासलेले नसते.

परदेशात लिफ्ट चालते, मग आपल्याकडे काय अडले, असे विचारणाऱ्यांनी परदेशातले नियमही पाहावेत. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांत साधारण दोन-तीन इंचांपुढे अभियंत्याचा दाखला लागतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०२१ मध्ये मागच्यापेक्षा पुढचा भाग चार इंच किंवा त्याहून अधिक उचललेल्या गाड्यांवर बंदी घातली, कारण चालकाला बॉनेटसमोरचा माणूस दिसेनासा होतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर शाळकरी पोरे आणि दुचाक्या किती असतात, हे लक्षात घेतले तर ही अडचण आपल्याला त्यांच्याहून जास्त लागू आहे. ओढ्याच्या पाण्याचा आक्षेपही ऐकू येतो: बॉडी उंच असली की पाणी आत शिरत नाही. केबिनमध्ये शिरत नाही, हे खरे. पण अॅक्सल, बेअरिंग, डिफरन्शियल आणि इंजिनाचा खालचा भाग जिथे होता तिथेच भिजतो. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि गोळ्याच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) पाणी ओढले जाते. ती नळी वर नेऊन बांधणे हा दोन-तीनशे रुपयांचा उपाय, आणि ओढ्यासाठी तो बॉडी लिफ्टपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मग माल वाहणाऱ्याने करावे काय? आधी गाडी भरलेली असताना, सपाट जागी, गोळ्याची आणि चासीची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि नव्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहावी. काही वर्षे भार वाहिलेल्या पिकअपचे पाटे बसलेले असतात, आणि ज्याला गाडी मुळातच बुटकी वाटते त्याची चासी बरेचदा कारखान्यातल्या उंचीहून खाली आलेली असते. पाटे बदलून किंवा त्यांना पुन्हा कमान देऊन मिळणारी उंची ही लिफ्ट नाही. ती गाडीची स्वतःची उंची आहे. कायद्याला, ब्रेकच्या व्हॉल्वला आणि क्रॉसला तीच अपेक्षित आहे. जास्तीचा पाटा घालून गाडी कडक करण्याचा मोह इथे होतो. त्याने कागदावरची भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही, उलट जास्त माल भरायला बळ येते, म्हणून तो टाळलेला बरा. टायर बदलायची वेळ आली की कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतले मोठे माप आणि खोल खाचांची नक्षी निवडावी. काळ्या मातीत अडकणाऱ्या निम्म्या गाड्या उंचीअभावी अडकत नाहीत. गुळगुळीत झालेल्या टायरला चिखलात पकड मिळत नाही, म्हणून अडकतात.

ज्यांना खरोखर उंच पिकअप हवी, म्हणजे रोज कालव्याच्या भरावावरून किंवा डोंगरउतारावरच्या रानातून जावेच लागते, त्यांच्यासाठी दोन लिफ्टांपैकी सस्पेन्शनचीच बाजू मी घेईन, कारण चासी तीच उचलते. बॉडी लिफ्ट मोठ्या टायरच्या हौसेपलीकडे फारशी जात नाही. पण गॅरेजकडे जाण्याआधी शोरूममध्ये एकदा विचारून पाहावे. इसुझूने डी-मॅक्सचा साध्या उंचीच्या गाडीशेजारी ‘हाय-राइड’ प्रकार विकला, आणि चार चाकांना ताकद देणाऱ्या पिकअप बहुधा कारखान्यातूनच उंच येतात. तिथे पाटे, शाफ्टचा कोन, व्हॉल्वची बैठक आणि हेडलाइटचा झोत हे सगळे त्या उंचीसाठी एकत्र बसवलेले असते आणि नोंदणी पुस्तकात तीच गाडी लिहिलेली असते. किंमत जास्त पडते. ती जुनी गाडी, लिफ्टचा संच, नवे टायर, दरवर्षी बदलावे लागणारे क्रॉस आणि पासिंगच्या आदल्या दिवशीची मजुरी यांच्या बेरजेशी मांडून पाहावी.